रोज एकच फोटो ठेवा

तुमच्या मोबाइलची गॅलरी उघडा आणि आत किती फोटो साठलेत ते बघा. काही हजार तर सहज निघतील. त्यात सोसायटीच्या नोटिशीचा फोटो आहे, विजेच्या बिलाचा आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा आहे, पुतण्याच्या वाढदिवसाच्या एकाच केकचे दहा-बारा आहेत आणि कुणीतरी पाठवलेली सुप्रभातची फुलंही आहेत. आता यातले तुम्ही स्वतः काढलेले आणि तुम्हाला मनापासून आवडलेले दहा फोटो दाखवा, असं कुणी म्हटलं तर? अंगठा वरखाली फिरत राहतो, ‘एक फार छान होता हो, कुठे गेला कुणास ठाऊक’ असं आपण पुटपुटतो आणि शेवटी समोरचाच विषय बदलतो.

फोटो काढायला आता कुणाला शिकवावं लागत नाही. काढलेल्यातून एक उचलायचा आणि बाकीचे बाजूला सारायचे, हे काम मात्र आपण कधी अंगावर घेतच नाही. म्हणून ज्यांना फोटोग्राफी शिकायची हौस आहे, पण क्लासला वेळ नाही आणि कॅमेऱ्याला पैसे नाहीत, त्यांना माझी एक विनंती आहे. उद्यापासून तीस दिवस रोज फोटो काढा. पाच काढा, पंधरा काढा, हरकत नाही. रात्री झोपण्याआधी त्या दिवसाचा एकच निवडा, वेगळ्या अल्बममध्ये टाका आणि त्याच्याखाली एक ओळ लिहा. एवढंच करायचं आहे.

हा खेळ बहुतेक जण वर्षभराचा मांडतात. १ जानेवारीला आरंभ, ३१ डिसेंबरला शेवट, ३६५ फोटो. आपल्याकडेही हौशी मंडळी नवीन वर्षाच्या आदल्या रात्री तसं जाहीर करतात. नवशिक्याने या भानगडीत पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नव्याचे नऊ दिवस कुणाचेही बरे जातात. पुढे एखाद्या दिवशी ऑफिसात उशीर होतो, दुसऱ्या दिवशी ताप येतो, तिसऱ्या दिवशी आठवणच राहत नाही, आणि ३६५मधले तीन गेले म्हटल्यावर उरलेल्यांवरही पाणी सोडलं जातं. तीस दिवसांचं तसं नाही. त्याचा शेवट सुरुवातीपासून दिसत असतो. महिना पुरा झाला आणि गोडी लागली, तर पुढचा महिना कुणी अडवलेला नाही.

सुरुवात सणाला किंवा सहलीला करू नका. गणपतीत सुरू केलंत तर पहिले दहा दिवस फोटो आपोआप मिळतात. आरास आहे, ढोल आहेत, मोदक आहेत, पाहुणे आहेत. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी घर एकदम रिकामं वाटतं आणि फोटो काढण्यासारखं काही उरलंच नाही असं होतं. त्यापेक्षा एखादा साधा मंगळवार धरा, ज्या दिवशी काहीही घडणार नाही. अशाच दिवसांत फोटो शोधायची सवय लावायची आहे.

घरात भिंतीवर कॅलेंडर असेलच. त्यावर आपण दुधाचे खाडे मांडतो, मोलकरणीच्या सुट्ट्या लिहितो, सिलेंडर कधी लावला ते टिपतो. तिथेच रोज फोटोची एक खूण करा. एखादा दिवस चुकला तर खाडा म्हणून सरळ मांडून मोकळे व्हा. कालचा फोटो आजचा म्हणून खपवू नका आणि दुसऱ्या दिवशी दोन ठेवून भरपाईही करू नका. दुधाचा खाडा पडला म्हणून आपण दूध बंद करत नाही.

रोज एक फोटो हा प्रकार इंटरनेटने जन्माला घातला, असं अनेकांना वाटतं, पण तो इंटरनेट घरोघरी येण्याआधीचा आहे. जेमी लिव्हिंगस्टन नावाचा एक अमेरिकन तरुण होता. ३१ मार्च १९७९ रोजी त्याने पोलरॉइड एसएक्स-७० कॅमेऱ्याने एक फोटो काढला. हा कॅमेरा फोटो काढला की लगेच छापून बाहेर देत असे. एका पाकिटात दहाच फोटो निघायचे आणि ते स्वस्त नव्हते. जेमी दिवसाला एकच फोटो काढायचा आणि जसा येईल तसा ठेवायचा. मनासारखा आला नाही म्हणून दुसरा काढायचा नाही. हा नेम त्याने अठरा वर्षांहून अधिक काळ चालवला. २५ ऑक्टोबर १९९७ रोजी, आपल्या एकेचाळिसाव्या वाढदिवशी, तो कॅन्सरने गेला. मागे सहा हजारांहून जास्त फोटो राहिले. पुढे २००७मध्ये मित्रांनी ते सगळे त्याच्या जुन्या बार्ड कॉलेजात मांडले.

या फोटोंमध्ये बघण्यासारखं काय आहे? जेवणाची टेबलं, मित्र, टीव्हीचा पडदा, बेसबॉलचं मैदान, न्यूयॉर्कमधल्या कुठल्यातरी खोलीचा कोपरा. यातले कितीतरी सुटे पाहिले तर कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही. काही अंधुक आहेत, काही हललेले आहेत. ओळीने पाहू लागलं की मात्र थांबवत नाही. केस वाढतात, कमी होतात, माणसं येतात आणि जातात, मग आजारपण दिसू लागतं, लग्नाची अंगठी दिसते, हॉस्पिटल दिसतं. त्याने अठरा वर्षं ‘चांगला फोटो’ मिळेपर्यंत वाट पाहिली असती, तर यातलं काही उरलं नसतं.

जेमीचा नियम कडक होता. दिवसाला एकदाच खटका दाबायचा. मी तुम्हाला तितका कडक नियम सांगत नाही, कारण तुम्ही शिकताय आणि शिकताना चुकलेले फोटो जवळ असलेले बरे. पण पूर्वी आपल्याकडेही हात आखडूनच फोटो काढले जात. अॅग्फा क्लिक थ्रीच्या एका रोलमध्ये बारा फोटो यायचे. पुढे छत्तीसचा रोल आला, तेव्हा गुंडाळणीत काटकसर करून सदतिसावा, अडतिसावा कसा निघेल हे बघणारे काका घरोघरी होते. एका रोलवर दिवाळीही असायची आणि मे महिन्यातली मुंजही. तेव्हा खटका दाबण्याआधी विचार व्हायचा, आता तो नंतर करायचा आहे.

‘स्मोक’ नावाचा १९९५चा एक इंग्रजी सिनेमा मिळाला तर बघा. लेखक पॉल ऑस्टर, दिग्दर्शक वेन वांग. त्यात ब्रुकलिनमधला ऑगी हा तंबाखूचा दुकानदार रोज सकाळी ठरल्या वेळी आपल्या दुकानाच्या कोपऱ्याचा फोटो काढतो. वर्षानुवर्षं तोच कोपरा. त्याचा एक लेखक मित्र अल्बम भराभर उलटू लागतो, कारण त्याला सगळे सारखेच वाटतात. दुकानदार त्याला सावकाश बघायला लावतो. मग प्रकाश बदललेला दिसतो, गर्दी बदललेली दिसते, आणि एका फोटोत त्या लेखकाला आपली वारलेली बायको कामावर जाताना दिसते. गोष्ट काल्पनिक आहे, पण युक्ती खरी आहे. ज्याला रोज विषय सुचत नाही, त्याने एकच जागा धरावी. स्वयंपाकघराची खिडकी चालेल, एसटीचा थांबा चालेल, गच्चीवरून दिसणारं उंबराचं झाड चालेल.

इथे एक सावधगिरीची सूचना. रोजच्या विषयांच्या तयार याद्या मिळतात. आज ‘लाल’, उद्या ‘प्रतिबिंब’, परवा ‘बर्फ’. नंदुरबारात बर्फ कुठून आणायचा? आणि ‘लाल’ शोधत फिरणारा माणूस समोर घडणारं सोडून बादल्या आणि छत्र्या बघत राहतो. विषय आपल्या दिवसातून घ्या. तुम्ही कंडक्टर असाल तर खिडकीकडच्या सीटवर रोज कोण बसतं ते बघा. शिक्षक असाल तर मधल्या सुट्टीनंतरचा फळा बघा. घर सांभाळत असाल तर दुपारी दीड ते तीन या वेळात घर कसं दिसतं, हे तुमच्याशिवाय कुणीच पाहिलेलं नसतं.

आता सामानाचं. नवीन काही विकत घेऊ नका. मोबाइल पुरेसा आहे. कुणाच्या कपाटात लग्नात घेतलेला डीएसएलआर पडून असेल तर तो काढा, चार्ज करा आणि रोज सोबत नेता येत असेल तरच वापरा. घरी राहणारा महागडा कॅमेरा या कामाला निरुपयोगी आहे. मोबाइलच्या बाबतीत पहिलं काम म्हणजे मागची काच स्वच्छ, मऊ सुती कापडाने पुसणं. हसू नका. फोडणीचा तेलकट थर, खिशातला घाम आणि बोटांचे ठसे तिथे बसलेले असतात, आणि मग रात्रीच्या दिव्यांना शेपट्या फुटतात. अनेकांना वाटतं मोबाइल जुना झाला. तो नुसता पुसायचा राहिलेला असतो.

दुसरं, झूम. चिमटीने ताणून जवळ आणलेला फोटो हा बहुधा मूळ फोटोचा कापून मोठा केलेला तुकडा असतो, म्हणून तो रवाळ दिसतो. शक्य असेल तिथे पावलं पुढे टाका. माणसाच्या चेहऱ्याचं मात्र उलट आहे. मोबाइलची नेहमीची लेन्स बरीच रुंद असते. तिने अगदी जवळून चेहरा टिपला की नाक मोठं आणि कान मागे गेल्यासारखे दिसतात. आजोबांचा फोटो बिघडला तर दोष आजोबांच्या नाकाचा नसतो. तीन-चार हात मागे सरा आणि हवं तर दोनपट झूम वापरा. तेवढं चालतं.

तिसरी गोष्ट जरा समजून घेण्यासारखी आहे, कारण ती एकदा कळली की निम्मी कटकट संपते. कॅमेऱ्याला रंग कळत नाहीत, उजेड किती आला तेवढंच तो मोजतो. समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचं असणार, असं धरून तो उजेड कमी-जास्त करतो. त्यामुळे पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी घातलेल्या वारकऱ्यांचा फोटो काढला की सगळं मळकट येतं. काळीभोर म्हैस चौकटभर घेतली की ती राखाडी होते. हल्लीचे मोबाइल दृश्य ओळखून थोडीफार दुरुस्ती करतात, पण दर वेळी जमतंच असं नाही. उपाय सोपा आहे. पडद्यावर जिथे महत्त्वाचं आहे तिथे बोट टेकवा. बहुतेक मोबाइलमध्ये तिथे सूर्याचं छोटं चिन्ह येतं. ते वर सरकवलं की उजेड वाढतो, खाली सरकवलं की कमी होतो. पांढऱ्यासाठी थोडं वर, म्हशीसाठी थोडं खाली. पहिल्या आठवड्यात एवढंच शिकलात तरी पुष्कळ झालं.

उजेडाबद्दल परदेशी पुस्तकांत जे लिहिलेलं असतं ते आपल्याकडे जसंच्या तसं लागू पडत नाही. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे वर्षातून दोन दिवस असे येतात की मध्यान्हीला सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली पायाशीच नाहीशी होते. यातला पहिला दिवस मे महिन्यात येतो, पुण्या-मुंबईकडे महिन्याच्या मध्याला. दुसरा पावसाळी ढगांत बहुधा वाया जातो. एप्रिल-मेच्या दुपारी बाहेर माणसांचे फोटो काढलेत तर कपाळ चमकतं आणि डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात. माणूस कितीही देखणा असो, तो दमलेला दिसतो. अशा वेळी फोटो काढायचं थांबवू नका, घरात या. दारातून किंवा खिडकीतून आडवा येणारा उजेड चेहऱ्यावर एका बाजूने पडतो आणि चेहऱ्याला घडण देतो. ओसरी, पडवी, जिन्याचा मधला टप्पा, दुकानाची फळी या सगळ्या जागा दुपारी उत्तम असतात. माणसाला दाराकडे तोंड करून बसवा, ट्यूबलाइट बंद करा आणि बघा. ट्यूबलाइट चालू ठेवली तर दोन रंगांचे उजेड एकमेकांत मिसळतात आणि कातडीचा रंग विचित्र येतो.

पावसाळ्यात तर तक्रारीला जागाच नाही. ढग हे आयतं पसरलेलं पांढरं कापड आहे. उजेड दिवसभर मऊ असतो. पाऊस पडतोय हे फोटोत दिसायला मात्र दोन गोष्टी लागतात. थेंबांच्या मागून उजेड आणि त्याच्यामागे काहीतरी गडद. पांढऱ्या आभाळासमोर मुसळधार पाऊसही फोटोत दिसत नाही, पण रस्त्यावरच्या दिव्याखाली काळोखासमोर रिमझिमसुद्धा दिसते. हीच युक्ती चहाच्या वाफेला लागू आहे. खिडकी एका बाजूला आणि थोडी मागे असू द्या, वाफेमागे गडद कपाट किंवा सावलीतली भिंत येऊ द्या. आधण उकळायला लागलं की पाच-सहा फोटो घ्या. प्रत्येकात वाफ वेगळी येईल. रात्रीच्या निवडीसाठी हा चांगला धडा आहे, कारण सगळं तेच असताना एकच फोटो का बरा वाटतो, याचं उत्तर स्वतःला द्यावं लागतं.

संध्याकाळी फोटो हलतात, ही नवशिक्यांची नेहमीची तक्रार. उजेड कमी झाला की कॅमेरा झडप जास्त वेळ उघडी ठेवतो आणि तेवढ्या वेळात हात हलतो. खांबाला टेका, कोपरं छातीशी धरा, पडद्यावर बोट आपटण्याऐवजी आवाज वाढवायचं बटण दाबा. बहुतेक मोबाइलमध्ये त्यानेही फोटो निघतो.

माणसांचे फोटो काढण्याबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण इथे तंत्रापेक्षा रीत महत्त्वाची आहे. घरापासून सुरुवात करा. आईला ‘फोटो काढतो’ म्हटलं की ती ‘थांब, साडी बदलून येते’ म्हणते. वडील पासपोर्टच्या फोटोसारखे ताठ होतात. दोघांनाही एकदा सांगून ठेवा की महिनाभर मी रोज फोटो काढणार आहे, आणि कुणाला तो नको असेल तर पुसून टाकीन. चार दिवसांनी त्यांचं लक्ष उडतं. मग शेंगा सोलताना, पेपर वाचताना, चष्मा शोधताना त्यांचे हात आणि चेहरे जसे आहेत तसे मिळतात. होमाई व्यारावाला या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांनी मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकताना कॅमेरा वळवला तो आपल्या वर्गमैत्रिणींकडे आणि रोजच्या मुंबईकडे. नेहरू, माउंटबॅटन वगैरे सगळे नंतर आले.

आणखी एक. महिन्याच्या शेवटी मोजून बघा, घरात सगळ्यात जास्त राबणारी व्यक्ती तीस फोटोंत किती वेळा आली. आणि फोटो काढणारी बाईच असेल, तर ती स्वतः किती वेळा आली? आपल्या घरांतल्या अल्बमांमध्ये ही गैरहजेरी फार जुनी आहे. निदान दोन-तीन दिवस मोबाइल दुसऱ्याच्या हातात द्या.

घराबाहेर परवानगी मागा. नजरेने मागितली तरी चालते, पण मागा. अनोळखी बाईचा फोटो चोरून काढणं याला छंद म्हणत नाहीत. दुसऱ्याच्या मुलांचे फोटो त्यांच्या आईबापांना विचारल्याशिवाय काढू नका. आपल्या मुलांचे काढाल तेव्हा शाळेचं नाव असलेला गणवेश आणि घराचा पत्ता दिसणारी पाटी असे फोटो बाहेर पाठवू नका. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ठिकाण नोंदवण्याची सोय असते, ती हवी की नको हे स्वतः ठरवा. अपघात दिसला तर आधी १०८ला फोन करा. त्या दिवशी खाडा पडला तरी चालेल. लष्करी हद्दीत आणि जिथे मनाईची पाटी आहे तिथे कॅमेरा काढूच नका.

गरिबीच्या फोटोंबद्दल माझं मत थोडं तिखट आहे. फुटपाथवर झोपलेल्या माणसाचा फोटो काढणं सोपं असतं, कारण तो नाही म्हणू शकत नाही. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले, ते गटारात उतरणाऱ्या माणसांबरोबर राहून, त्यांच्या घरी जाऊन, दीर्घकाळ. त्यामुळे ते फोटो बघताना त्या कामगारांची नव्हे, आपली मान खाली जाते. जाता जाता कारच्या काचेतून काढलेल्या फोटोत तसं काहीच होत नाही. तुम्हाला कुणाच्या कष्टाचा फोटो काढायचाच असेल तर आधी त्याच्याशी दहा मिनिटं बोला. काढलेला फोटो त्याला दाखवा, आणि जमलं तर छापून नेऊन द्या. अशा एका छापील फोटोने पुढच्या दहा फोटोंचं दार उघडतं.

आता रात्रीचं काम. जेवणं झाली, ओटा आवरला की दहा मिनिटं घ्या. दिवसभराचे फोटो एकदा भराभर बघा. तांदूळ निवडताना आपण खडे काढून टाकतो, इथे उलट करायचं आहे, एक दाणा ठेवायचा आहे. अंधुक, हललेले, डोळे मिटलेले आधी बाजूला जातील. दोन-तीन उरतील तेव्हा चौकटीचे चारही कोपरे बघा. नको ती बादली, अर्धा कापलेला माणूस, डोक्यातून उगवलेला विजेचा खांब दिसेल. जो फोटो बघताना कोपऱ्यांकडे लक्षच गेलं नाही, तो बहुधा ठेवण्यासारखा असतो. तरीही दोन उरले तर जास्त देखणा कोणता हे विचारू नका. दहा वर्षांनी कोणता हवासा वाटेल, हे विचारा. सूर्यास्त त्या वेळीही मिळेल. स्टँडसमोरची रसवंती कदाचित मिळणार नाही.

निवडलेल्या फोटोला थोडं कापायचं, तिरका असेल तर सरळ करायचा, उजेड किंचित वाढवायचा, एवढं करा. रंग भडक करणारे फिल्टर महिनाभर दूर ठेवा. चूक नेमकी कुठे झाली हे ते झाकून टाकतात आणि मग शिकायला काही उरत नाही.

खाली लिहायची ती ओळ टाळू नका. तारीख, जागा, माणसाचं पूर्ण नाव आणि जमलं तर एखादा बारकावा. ‘लक्ष्मीकाकू, सासूबाईंची मामेबहीण, कुरडया घालताना, तिसऱ्या मजल्याची गच्ची.’ अशी ओळ पुढे सोन्याच्या मोलाची होते, हे कळायचं असेल तर घरातला सर्वांत जुना अल्बम काढा. काळ्या कागदावर, कोपऱ्यांत अडकवलेले फोटो. स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यासमोर उभे असलेले पाच जण. मधले आजोबा ओळखू येतात. डावीकडून दुसरे कोण? जी आत्या सांगू शकली असती ती आता नाही. फोटो नीट ठेवला, नाव कुणी लिहिलं नाही. तो अल्बम हातात आलाच आहे, तर घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला शेजारी बसवून फोटोंमागे मऊ पेन्सिलीने नावं लिहून घ्या. बॉलपेनने लिहू नका. त्याचा वळ पुढून उमटतो. हे काम तुमच्या तीस दिवसांत कुठेही बसवा. आजीचं बोट एका चेहऱ्यावर टेकलेलं आहे, असा त्या दिवसाचा फोटो आपोआप मिळेल.

लोकांना दाखवायचं की नाही? सुरुवातीला शंभर जणांच्या ग्रुपवर टाकू नका. तिथे सगळ्यांना सारखेच अंगठे मिळतात, आणि तिसऱ्या दिवसापासून आपण आपल्याला आवडणारा फोटो सोडून अंगठे मिळवणारा फोटो ठेवू लागतो. एकच माणूस जोडीला घ्या. नागपूरची मावसबहीण, शाळेतला मित्र, निवृत्त झालेले शेजारी. त्यानेही रोज एक ठेवायचा, तुम्हीही. रात्री एकमेकांना पाठवायचा आणि ‘छान’ हा शब्द वापरायचा नाही. काय दिसलं ते सांगायचं. ‘मला आधी हात दिसला, मग कुकर’ इतकं बोलणं पुरे. पाठवताना व्हॉट्सअॅपवर फोटो दाबून लहान होतो, म्हणून मूळ फोटो स्वतःजवळ राहू द्या.

साठवण्याची चिंता फार नाही. मोबाइलचा एक फोटो चार एमबीचा धरला तर वर्षाचे ३६५ फोटो दीड जीबीच्या आसपास होतात. चार हजार फोटोंचा पसारा सांभाळण्यापेक्षा हे किती सोपं आहे बघा. फक्त ते दोन ठिकाणी ठेवा, कारण मोबाइल बादलीत पडतात, लोकलमध्ये चोरीला जातात आणि नेमक्या परीक्षेच्या वेळी मुलांच्या हातून आपटतात.

दहाव्या-बाराव्या दिवशी कंटाळा येईल. काढण्यासारखं काही उरलं नाही असं वाटेल, आधीचे फोटो टाकाऊ वाटतील. तेव्हा नवीन जागी जाऊ नका. पहिल्या दिवशी ज्याचा फोटो ठेवला होता, त्याचाच पुन्हा काढा. वेळ बदला, बाजू बदला, गुडघ्यावर बसून काढा. तुळशीचं वृंदावन उभ्याने काढलेलं आणि जमिनीच्या पातळीवरून काढलेलं, दोन वेगळ्या घरांतलं वाटेल. या टप्प्यावर हे सोडून देणारे खूप असतात, आणि हा टप्पा ओलांडला की मग उरलेल्या दिवसांत मोबाइल खिशात असतानाही उजेड कुठून येतोय इकडे लक्ष जायला लागतं.

तीस दिवस झाले, मध्ये चार-सहा खाडे पडले असले तरी, ठेवलेले सगळे फोटो घेऊन गावातल्या फोटो लॅबमध्ये जा. त्यातले बाराच छापून घ्या, चार बाय सहाच्या आकारात. कोणते बारा, हे आधी तुम्ही एकट्याने कागदावर लिहा. मग मोबाइल घरच्यांच्या हातात द्या आणि त्यांना त्यांचे बारा निवडायला सांगा. दोन्ही याद्या जुळणार नाहीत. तुम्हाला प्रिय असलेला जिन्यातल्या सावलीचा फोटो कुणीही घेतलेला नसेल, आणि तुम्ही नाइलाजाने ठेवलेला, बाबा पंख्याखाली डुलक्या घेताना काढलेला फोटो सगळ्यांच्या यादीत असेल. वाद होईल, होऊ द्या. बाबांची हरकत असेल तर तीही नोंदवा, आणि त्यांचंच मत अखेरचं माना.